पुन्हा डाव्या खांद्यावर जानवे

ज्या महादेवाने सर्पालाच यज्ञोपवीत करून अंगावर वागवले, त्याच्या चरणी प्रथम मस्तक ठेवतो. प्रसंग श्रावणीचा आहे. आज सकाळी राजेश्वर या आमच्या गावी, महादेवाच्या सभामंडपात, मी नवे जानवे डाव्या खांद्यावर घेतले आणि ते तिथेच राहिले. यात नवल ते काय, असे वाचणाऱ्यास वाटेल. मुंज झालेला कोणीही जानवे तसेच घालतो. परंतु ‘तिथेच राहिले’ एवढे म्हणता यावे यासाठी मला ज्या वाटेने जावे लागले ती वाट सांगावी, म्हणून दुपारचे जेवण आटोपून हे लिहावयास बसलो आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मला नागीण झाली. खांद्यामागच्या डाव्या फऱ्यापासून काखेखालून छातीपर्यंत फोडांचा पट्टा उमटला. आमच्या भागात नागिणीवर गेरूचा लेप देतात आणि तिचे तोंड व शेपूट एकमेकांस भिडू नये म्हणून पुढे एक आडवी रेघ ओढतात. भिडले तर माणूस जातो, अशी समजूत. चार जणांनी आग्रह केला, मीही रेघ ओढून घेतली. यथावकाश फोड सुकले, खपल्या गळाल्या, कातडी नितळ झाली. सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दुखणे तेवढे मागे राहिले.

ते दुखणेही विलक्षण होते. तळहाताने दाबून धरले तर सोसे. पण सदऱ्याची बाही, पंख्याचा वारा, सुताचा एखादा धागा असा हलका स्पर्श झाला की तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तशी कातडी चरचरे. आणि जानवे म्हणजे तर अहोरात्र असणारा हलका स्पर्शच.

ज्यांच्या घरी ही चाल नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवकार्यात जानवे डाव्या खांद्यावरून घ्यावयाचे, पितृकार्यात उजव्या खांद्यावरून, आणि एरवी काही कारणाने दोन्ही नको असेल तर माळेसारखे गळ्यात. डावा खांदा जानव्याला नाही म्हणू लागला. उजव्या खांद्यावर मात्र ते मला सोसत होते. म्हणजे पितरांचे कार्य करता येई, देवांचे करता येत नसे. माझ्या वयाच्या माणसाला हा संकेत फारसा सुखाचा वाटत नाही.

जन्मभर मी शाळेत संस्कृत शिकवले आणि गावची श्रावणी चालवली. श्रावणातल्या त्या दिवशी सगळे एकत्र बसून जुने जानवे उतरवतात व नवे घेतात. एकाने मंत्र सांगावयाचा, बाकीच्यांनी मागून म्हणावयाचा. जानवी मी स्वतः टकळीवर सूत काढून करीत असे. पूर्वी सभामंडपात बसावयास जागा नसे. पुढे मुले हैदराबादला गेली, पुण्याला गेली. माझाही मुलगा हैदराबादेत संगणकाच्या नोकरीत गुंतला. राहिलेल्यांची एकच पंगत उरली. गेल्या श्रावणीस मी गळ्यात माळेसारखे जानवे घालून कडेला बसलो आणि तशा जानव्याने देवकार्य चालवता येत नाही म्हणून दुसऱ्या कोणास मंत्र सांगावयास विनविले. कोणास सलग येईना. शेवटी एक जण म्हणाला, “पुढच्या साली सीडी लावू की. घरोघरी लावता येते. एवढ्या लांब यायलाव कामून?”

त्याच्या बोलण्यात वावगे काही नव्हते. पण घरी येताना मला स्पष्ट दिसले, की माझा खांदा बरा न झाला तर ही श्रावणी माझ्या डोळ्यांदेखत बंद पडेल.

औषधे झालीच होती. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी आग थोडी शमे, पण डोक्यावर घोंगडे पांघरल्यासारखे होई. एका सकाळी संध्या करताना पुढचे पद आठवेना. ज्या माणसाची सारी मिळकत तोंडपाठ आहे त्याला याहून मोठी चोरी कोणती? मी गोळ्या बंद केल्या आणि आग पत्करली.

तेव्हा मुलाने फोनवरून सांगितले, की गुलबर्ग्यात भूल देणाऱ्या एक डॉक्टरीणबाई अशा हट्टी दुखण्यावर उपचार करतात. गेलो. बाई जवळच्याच निंबर्गा गावच्या निघाल्या. कानडी आणि मराठी एकाच श्वासात बोलणाऱ्या. सगळे ऐकून घेऊन त्यांनी केटामाईनचे नाव काढले.

“अप्पा, हे काही नवं औषध न्हाई. भुलीचं जुनं औषध आहे, ऑपरेशनला वापरतो. दुखण्यासाठी अगदी थोडं, सलाईनमधून हळूहळू द्यायचं.”

“गुण येतो?”

“काहींना येतो, काहींना न्हाई. आला तरी किती टिकेल ते सांगता येत न्हाई. कदाचित परत परत घ्यावं लागेल. रक्तदाब वाढतोय, मळमळतंय. आधी तुमचं हृदय तपासायचं, मगच.”

“मग तुम्ही घ्या म्हणून सांगता कशाच्या बळावर?”

“घ्या म्हणून कुठं सांगायलेय? घेता का म्हणून विचारायलेय.”

हे उत्तर मला आवडले. मग मी खरी शंका विचारली. माझे वेद पुस्तकातले नाहीत, गुरुमुखातून घेतलेले आहेत, आणि ते गुरू आता नाहीत. या औषधाने पाठांतर पुसले गेले तर ते परत कोणाकडे मागावयाचे?

बाई म्हणाल्या, “तासाभराचं धुकं येईल. देह आपला न्हाईच, लांब कुठंतरी पडलाय, असं वाटेल. मग धुकं निघून जातं. पुसलं जाईल असं मला वाटत न्हाई. पण शपथ घ्या म्हणाल तर घेणार न्हाई. घरी जा, विचार करा. घाई न्हाई.”

विचार केला; किंबहुना विचारानेच मला धरले. एक मन म्हणे, प्रारब्ध भोगूनच संपवावे. दुसरे म्हणे, मग गेरूची रेघ कशाला ओढलीस? शुद्ध हरपणारे द्रव्य ते मद्याच्या जातीचे की औषधाच्या, हाही एक प्रश्न होता. शास्त्राने आजारी माणसाला पुष्कळ सवलत दिली आहे हे मी दुसऱ्यांना नेहमी सांगत आलो होतो. स्वतःस सांगताना तीच सवलत पळवाटेसारखी दिसू लागली.

त्यातच एके संध्याकाळी जनावरांचा डॉक्टर आला. धनगरांच्या घरचा मुलगा. माझ्या वर्गात संस्कृत शिकला, आता तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गुरे तपासतो. औषधाचे नाव ऐकताच तो खुर्चीत पुढे सरकला.

“केटामाईन? गुरुजी, हे तर मी कुत्र्याला द्यायलाव की!”

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “मग? कुत्र्याला गुण येतोय का ते सांग.”

“कुत्र्याला येतोय, काकू. गुरुजींचं मला म्हाईत न्हाई.”

कित्येक महिन्यांनी मी पोट धरून हसलो. डाव्या बरगडीने त्याची शिक्षा लगेच केली. मग तो गंभीर झाला. “एक गोष्ट मात्र खरी, गुरुजी. औषध उतरताना जनावर बावरतंय. उजेड नको, गलका नको, अन् ओळखीचा आवाज पाहिजे. मी मालकालाच जवळ बसवतो.”

“म्हणजे मी जायचं, मालक होऊन,” सौभाग्यवती म्हणाल्या, आणि चहा ठेवून आत गेल्या.

तरीही निर्णय होईना. चैत्र संपत आला. मी सवयीने टकळी घेऊन ओसरीवर बसे आणि सूत काढी. हमरस्त्यावरून जाणाऱ्या मालमोटारींच्या आवाजात टकळी फिरत राही. कोणासाठी काढतो आहे हे मी स्वतःस विचारीत नसे. एके दिवशी सौभाग्यवती तांदूळ निवडीत समोर बसल्या होत्या. वर न पाहताच म्हणाल्या,

“एक विचारू का? रागावणार न्हाई ना?”

“विचार.”

“एवढी वर्षं लोकांना सांगायलाव, देह म्हणजे मी न्हाई, देह म्हणजे मी न्हाई. मी आतून ऐकायलेच. आता ती बाई म्हणायली की तासभर देहाबाहेर नेऊन आणते. तर कामून भ्यायलाव?”

टकळी जमिनीवर टेकली. त्याच बसल्या जागी मी मुलास फोन लावला आणि येतो म्हणून बाईंना कळवावयास सांगितले.

उपाशीपोटी यावयाचे होते, ते आम्हांस अवघड नव्हते. तपासण्या झाल्या, खोलीतले दिवे मंद केले, बोटाला चिमटा लावला. हृदयाची गती दाखवणारे यंत्र टिकटिकू लागले. मी बाईंना म्हणालो, “मी रुद्र म्हणत राहतो. जिथे शब्द अडेल तिथे मी किती दूर गेलो ते तुम्हांस कळेल.”

“म्हणा की, अप्पा. माझी यंत्रं आहेतच, त्यात तुमचं एक.”

सौभाग्यवती उशाशी बसल्या. मी आरंभ केला. रुद्राचे पहिले अनुवाक नित्यासारखे गेले. मग छत उंच जाऊ लागले. हातपाय नदीपलीकडे दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखे वाटू लागले. होते माझेच, पण आणावयास जावे लागले असते. आणि ती आग, जी वर्षभर माझ्या अंगात राहत होती, ती दूर कोणाच्या तरी घरात लावलेल्या समईएवढी दिसली. मी तिच्याकडे पाहू शकत होतो. एवढे मला स्मरते. पुढचे पद घ्यावयास गेलो, तेथे पद नव्हते. ज्याचे भय होते ते समोर आले, आणि भय वाटावयास मात्र तेथे कोणी उरले नव्हते.

परतलो तो सौभाग्यवतींच्या आवाजावर. “मी इथंच हाय. गुलबर्ग्यात हाव आपण. उठू नका.”

माझा पहिला प्रश्न दुखण्याविषयी नव्हता. “कुठे थांबलो?” मी विचारले.

“आवाज थांबला. तुम्ही कुठं थांबलाव?”

“म्हणजे?”

“मान चालूच होती की. खाली, वर, मग सरळ. रोज देवघरात चालते तशी. शेवटाला येऊन थांबते तिथंच थांबली.”

बाई यंत्र बंद करता करता हसत होत्या. “अप्पा, मी तर घाबरले! म्हटलं झटका येतोय का काय. सुई काढायला धावले, तर अक्का म्हणतात, ‘थांब गं बाई, रुद्र चाललाय!’”

मी तेथेच पडल्या पडल्या रडलो. वेदाचे स्वर शिकवताना आमचे गुरुजी विद्यार्थ्याचे डोके दोन्ही हातांत धरीत. स्वर खाली तर मान खाली, स्वर वर तर मान वर. त्यांचे तळहात खरखरीत होते. चुकलो तर ते मान अशी दाबीत की दिवसभर विसरत नसे. शब्द जिभेवर ठेवले आहेत असे मी समजत होतो. त्यांनी ते आणखी आत, मानेच्या मणक्यांत ठेवून दिले होते, जेथे धुके पोहोचत नाही. थोड्या वेळाने उठून बसलो आणि रुद्र पुन्हा पहिल्यापासून म्हटला. एकही पद हरवले नव्हते.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हुमनाबादच्या वाटेवर वारा सुटला आणि थेट डाव्या खांद्यावर आला. सौभाग्यवतींनी सवयीने काच ओढावयास हात पुढे केला.

“राहू दे,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग हात मागे घेतला आणि पदर तोंडाशी धरून दुसरीकडे पाहू लागल्या. वारा येत राहिला. तो नुसता वारा होता.

खोटे लिहू नये. काही आठवड्यांनी आग परत आली, पण आधीची नव्हे; बाईंनी सांगितले होते तसे पुन्हा जावे लागले, पुन्हा तेच छत, तीच दूरची समई. आता चुलीतल्या राखेखाली ऊब असावी तेवढे दुखणे उरले आहे. ढग दाटले की ते हाक मारते, मी ओ देतो, आणि कामास लागतो. हे औषध प्रत्येकास फळेल असे मी म्हणत नाही. जाणत्यास विचारून, तपासून, त्यांच्या देखरेखीतच ते घ्यावे.

पण आजची सकाळ सांगावयाची राहिली. सभामंडपात पंगत बसली. हैदराबादेहून मुलगा आला होता, आणि त्याच्यासारखेच आणखी काही जण रात्रीची बस पकडून आले होते. सीडीची सूचना करणारा गृहस्थ पहिल्याच ओळीत होता. मी जुने जानवे उतरवले, नवे हातांत घेतले, त्याच चैत्रात ओसरीवर काढलेल्या सुताचे. मंत्र म्हटला. मागून सगळ्यांनी म्हटला. जानवे डाव्या खांद्यावर ठेवले आणि श्वास रोखून थांबलो.

सूत थंड होते. त्यावर हळदीचा ओलावा होता. बस्स.

“गुरुजी, पुढं?” पहिल्या ओळीतला गृहस्थ कुजबुजला. “आम्ही थांबलाव.”

मी पुढचा मंत्र सांगितला. सभामंडप भरून आवाज उठला. कडेच्या खांबाशी बायकांत बसलेल्या सौभाग्यवतींकडे दृष्टी गेली, तर त्या माझ्या मानेकडे पाहत होत्या आणि त्यांची स्वतःची मानही मंद हलत होती. खाली, वर, मग सरळ.

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरात ज्याला जे दुखत असेल ते शमो. दुखणाऱ्याला जाणता वैद्य भेटो, आणि उशाशी ओळखीचा आवाज असो. तुझ्या घरातील मुलेबाळे जेथे गेली असतील तेथून सणासुदीला परतोत, आणि थोरांनी तुमच्या अंगी जे घालून दिले आहे ते कोणत्याही धुक्यात न हरवो. महादेव तुमच्या कुळाचे कल्याण करो.