आमचं आपलं मधलं

तिला सगळे शिडीबाई म्हणत. काम सर्वेचं. घरोघर जायचं, दहा पायऱ्यांच्या शिडीचं चित्र पुढं धरायचं आणि विचारायचं, "सगळ्यात वर गडगंज, सगळ्यात खाली कंगाल. तुम्ही कुठं?" बावीस वर्षं सगळ्यांचं बोट एकाच जागी पडत आलं. चार गाड्यांचा मालक म्हणे, "आमचं आपलं मधलं." पत्र्याच्या खोलीतली धुणीवाली म्हणे, "आमचं आपलं मधलं." तेच शब्द, तोच सूर. बोट टेकवताना जो तो एकदा मागं वळून बघे, कुणी ऐकतंय का म्हणून. पुढचा प्रश्न असे, "वरच्यांकडचं घेऊन खालच्यांना द्यावं का?" "द्यावं की," सगळेच म्हणत. वरचे म्हणजे दुसरे, आणि खालचे म्हणजेही दुसरेच.

एकदा भर दुपारी तिनं एक दार वाजवलं. काही विचारायच्या आधीच आतून आवाज आला, "आमचं आपलं मधलं."

शेजारीण म्हणाली, "कुणाला विचारता? म्हातारी जाऊन वर्ष झालं. कुलूप दिसत नाही होय?"

शिडीबाईनं कुलूप बघितलं, मानेवरचा घाम पुसला आणि फॉर्मवर पाचव्या पायरीला खूण केली. "मेल्यावरही कुणी खाली उतरायला तयार नाही," घरी येऊन नवऱ्याला म्हणाली. तो हसता हसता खोकत सुटला.

त्याच्या फुफ्फुसाचं औषध महाग. पट्टीत चार गोळ्या उरलेल्या. यंदा खालच्या तीन पायऱ्यांवरच्यांना औषध फुकट मिळणार होतं, आणि माणूस सांगेल तीच पायरी धरणार होते. शिडीबाईच्या घरी विचारायला सर्वेतली तिचीच जोडीदारीण आली.

"दोन म्हण," नवरा आतून म्हणाला. "औषधाला कसली आलीय लाज?"

जोडीदारणीनं चित्र पुढं धरलं. गल्लीतली बोलणी थांबली. शिडीबाईनं तोंड उघडलं.

"आमचं आपलं मधलं."

आवाज तिचा नव्हता. कुलपाआडचा होता. गळा मात्र तिचाच हलला होता.

जोडीदारणीची पेन्सिल अडली. "अगं, मी काय परकी आहे? अजून खोडता येतं. खरं सांग."

शिडीबाईला हो म्हणायचं होतं. मान हलेना. दारादारांत बायका उभ्या होत्या, एकीचीही पापणी लवत नव्हती.

"असू दे," तोच आवाज म्हणाला.

खूण झाली.  आतून गोळी मधोमध मोडल्याचा बारीक आवाज आला.