लेक रडेना

मला मायस्थेनिया आहे. स्नायू लवकर थकतात, दुपार कलली की पापण्या आपोआप मिटायला लागतात. सासूबाईंनी सुरुवातीचं वर्षभर मला झोपाळूच समजलं होतं.

लेक सांगलीत झाली. पहिल्या दिवशी बरी रडली, दुसऱ्या दिवसापासून आवाजच बसला. कोरेगावहून डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या सासूबाई तिच्यावर बेहद्द खूश झाल्या.

"लय गुणाची पोर! हिचा बाप जल्मला तवा आख्खी पेठ जागी केलीवती त्यानं."

शेजारच्या खाटेवरचं बाळ सारखं टाहो फोडायचं. त्याच्या आईला सासूबाईंनी बाळ शांत कसं ठेवावं, यावर दोन उपदेशही करून टाकले.

मला मात्र धास्ती वाटायला लागली. लेक दोनतीनदा दूध ओढायची आणि थांबायची. दूध ओठांच्या कडेनं ओघळायचं. हात उचलला तर तसाच लुळा खाली पडायचा. हा थकवा माझ्या ओळखीचा होता. मी नर्सला हाक मारली.

बाळांच्या डॉक्टरांनी तपासलं. "तुमच्या रक्तातली, स्नायू थकवणारी प्रतिपिंडं पोटात असताना वारेतून हिच्यात गेली आहेत. तिचं शरीर ती नव्यानं बनवत नाही. काही आठवड्यांत ती संपतील. तोवर नळीनं दूध देऊ, आणि दुधाआधी थोडं औषध."

सासूबाईंनी पदर सावरला. "म्हंजी आईनं पोरीला आपलं दुखणं डब्यात भरून दिलंया व्हय?"

डॉक्टर हसल्या. "तसंच समजा. पण डबा संपणार आहे."

मी रडायला लागले. माझ्यामुळं झालं, एवढंच डोक्यात. सासूबाई खाटेवर टेकल्या.

"गप. म्या तुज्या नवऱ्याला माजं नाक दिलंया. त्ये तर जल्मभर जायाचं न्हाई. मी रडतीया का?"

नवरा लष्करात, सीमेवर. रोज व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न, "आज रडली का?" मागून त्याचे साथीदारही विचारायचे, "वहिनी, रोयी क्या?"

तिसऱ्या आठवड्यात नळी निघाली. एका सकाळी दूध द्यायला मला जरा उशीर झाला, आणि लेकीनं असा काही सूर लावला की नर्स धावत आली.

"काय झालं?"

"रडली! आवं, रडली!" सासूबाईंनी फोन लावून लेकीच्या तोंडाशी धरला. पलीकडून नवरा ओरडला, "आई, जरा लांब धर, कान फुटला!" मग नाक ओढल्याचा आवाज तेवढा येत होता.

सासूबाईंनी वॉर्डभर लाडू वाटले. शेजारच्या खाटेवर आता नवी बाळंतीण होती. तिनं बिचकत विचारलं, "बाळ रडलं म्हणून लाडू?"

"मग! खा तू," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात लेकीचं औषध बंद झालं. माझं सुरूच आहे.