पिनेतलं कुंकू

मी हे लिहावं की नाही, ते मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे गावाला पाठवायचं पत्र, आणि तेही मी लिहितो, बाकीचे सांगतात. त्यातून ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, तिच्यात माझी बाजू चांगली नाही. भाषा कुठे अडखळली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. बाकीचं सांभाळून घेऊ नये.

मी नेरूळच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायचो. वडील महाप्याच्या एका कारखान्यात लेथवर होते. एनसीसीत माझा नेम बरा निघाला, म्हणून मला खाडीकडच्या एका नेमबाजी क्लबच्या रेंजवर पाठवलं. रेंज म्हणजे पत्र्याची लांब शेड, समोर पंचवीस मीटरवर वाळूचा बांध. क्लबकडे स्पर्धेचं एकच चांगलं पिस्तूल होतं, परदेशी. ते आणि बाकीची हत्यारं ज्यांच्या ताब्यात असत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उस्ताद साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. फौजेतही त्यांनी हत्यारंच दुरुस्त केली होती. पेन्शन होती, गावाला थोडी जमीन होती. तरी ते इथे एका खोलीत एकटे राहायचे. मी एकदा विचारलं, गावाला का जात नाही? म्हणाले, "तिथं जाऊन काय करू? हातात हत्यार हाय तवर मी हवालदार. ते गेलं की म्हातारा."

पिस्तुलाची सफाई ते माझ्याकडून करून घ्यायचे, पण डोळ्यांसमोर. वडिलांनी मला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत कारखान्यातलं तेल भरून दिलं होतं. "तुझ्या पिस्तुलाला लागंल," म्हणाले. मशीन कुठलंही असो, त्याला तेल हवंच, यावर त्यांचा फार विश्वास. उस्तादांनी बाटली उघडून वास घेतला आणि हसले. "वडलांना सांग, ह्ये लेथला बरंय. ह्याला अंघोळ नको, पुसणं पायजे." तरी ती बाटली माझ्या पिशवीत राहिली. वडिलांनी दिलेली होती.

खंडेनवमीला रेंजवर पूजा असायची. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर हत्यारं, झेंडू, नारळ. उस्तादांनी सांगितलं होतं, कुंकू हत्याराच्या पेटीला लाव, हत्याराला नको. ते नारळ फोडायला बाहेर गेले. मला वडिलांचा कारखाना आठवला. तिथे सगळी माणसं आपापल्या मशीनला कुंकू लावतात आणि मग हात जोडून क्षणभर गप्प उभी राहतात. मला वाटलं, पेटीला काय लावायचं? नेम पेटी धरत नाही. मी पिस्तुलाला मागच्या बाजूने, जिथे घोडा येऊन पडतो तिथे, कुंकवाचं बोट लावलं. लावल्यावर भीती वाटली. कुंकू कोरडं, पुसायला गेलो तर पसरलं. मग मी बाटलीतलं तेल दोन थेंब सोडलं आणि रुमालाने पुसून घेतलं. वरून काही दिसेना. उस्ताद आले, त्यांनी प्रसाद दिला.

घोडा जिथे पडतो तिथे एक बारीक भोक असतं. त्यात पिन असते. ट्रिगर दाबला की घोडा पिनेवर आपटतो, पिन पुढे सरकते आणि काडतुसाच्या बुडाला बसवलेल्या पितळी टोपीवर बसते, तेव्हा गोळी सुटते. हे मला तेव्हाही माहीत होतं.

दिवाळीनंतर पिस्तूल मधूनमधून चुकायला लागलं. ट्रिगर दाबायचा, नुसतं टक्. गोळी नाही. अशा वेळी पिस्तूल समोरच धरून ठेवायचं, कारण कधी कधी गोळी उशिरा सुटते. दुसरा हात वर करून थांबायचं. त्या थांबण्यात आपल्या छातीतलं सगळं ऐकू येतं.

उस्तादांनी घाई केली नाही. पहिल्यांदा काडतुसांची पेटी बदलली. तरी टक्. मग न सुटलेली काडतुसं टेबलावर ओळीने उभी केली, शेजारी सुटलेल्यांच्या रिकाम्या पुंगळ्या. भिंगातून मला दाखवलं. सुटलेल्या टोपीवर पिनेचा खळगा खोल, गोल. न सुटलेलीवर नुसतं नखाने टोचल्यासारखं. तीच काडतुसं त्यांनी परत भरून मारली. दुसऱ्या फटक्याला बहुतेक सुटली.

"म्हंजे दारू चांगली हाय," ते म्हणाले. "फटका हलका बसतोय. आता दोनच गोष्टी. एक तर स्प्रिंग मेली, न्हायतर पिन वाटंत अडकतीय."

त्यांनी स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली. लांबी सारखी. बोटाने दाबून बघितली. "स्प्रिंग न्हाय. पिनंची जागा उघडाय पायजे."

त्या दिवशी सफाई करताना माझ्या पांढऱ्या चिंधीला घोड्यासमोरच्या भोकापाशी गुलाबी डाग पडला. मी चिंधी मुठीत धरून नळावर गेलो आणि धुऊन टाकली.

पिनेची जागा उघडायला क्लबच्या सेक्रेटरींची परवानगी लागायची. सेक्रेटरी वाशीला मोठ्या ऑफिसात होते, रविवारी यायचे. आले ते टेबलावर सुटी पडलेली स्प्रिंग बघूनच चिडले.

"उस्ताद, ही कोणाला विचारून काढली?"

"बघाय काढली, साहेब. परत बसवतो. बिघाड पिनंत हाय."

"गेल्या वर्षी तुम्ही ट्रिगर घासलात. आता स्प्रिंग. उद्या म्हणाल बॅरल कापतो. ही काय जीप आहे का तुमच्या युनिटची?"

"घासला म्हणून हलका झाला, साहेब. तुमीच शाबासकी दिलीवती."

बाकीचे नेमबाज हसले. सेक्रेटरींना ते हसणं आवडलं नाही. ते माझ्याकडे वळले. "तू रोज असतोस ना इथे? यांच्याशिवाय कोणी हात लावतं का?"

महिन्यावर निवड चाचणी होती. क्लबमधून दोन नावं जायची होती, त्यात माझं होतं. चाचणीला हेच पिस्तूल मिळणार होतं. मी म्हणालो, "चावी उस्तादांकडेच असते."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतक्या सहज बोलता आलं.

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते स्प्रिंग बसवत होते. सेक्रेटरी म्हणाले, मूळची स्प्रिंग यांनी बदलून बाहेरची घातली असणार, म्हणून फटका हलका. यांनी आठवड्याभरात चावी द्यावी, चाचणीनंतर यांच्या जागी नवीन माणूस येईल. तोवर कोणी काही उघडायचं नाही.

शेवटच्या दिवशी उस्तादांनी चावी टेबलावर ठेवली, रजिस्टरवर सही केली, बूट पुसले. मला बाजूला बोलावलं तेव्हा वाटलं, यांना कळलं. ते म्हणाले, "टायमाला टक् झालं तर हात वर. घाबरून ट्रिगरला परत बोट लावू नगंस लेका, पंच बिघाड मोजत न्हाईत मग." एवढंच. मी हो म्हणालो. गेटपर्यंतही गेलो नाही.

चाचणीच्या आधी सेक्रेटरींनी जास्त जोराची स्प्रिंग मागवून घातली. सकाळी गारवा होता. पाच गोळ्यांच्या पहिल्या मालिकेत तिसऱ्या गोळीला टक्. मी हात वर केला. पंचांनी ती मालिका परत मारू दिली. पुढच्या मालिकेत पुन्हा टक्. दुसऱ्यांदा परत मारता येत नाही. राहिलेल्या गोळ्या शून्य धरल्या. माझं नाव गेलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. खरं तर बरं वाटलं. वाटलं, झाली फिट्टंफाट. असं फिटत नसतं हे मला पुढच्याच रविवारी कळलं.

नवीन माणसाने पहिल्याच रविवारी सेक्रेटरींसमोर पिनेची जागा उघडली. पिन सहज निघेना. निघाली तेव्हा तिच्या अंगावर तांबडा, चिकट लगदा होता, वाळत आलेला.

"हे काय, शेंदूर आहे का?" नवीन माणूस म्हणाला.

सेक्रेटरी मोठ्याने हसले. "उस्तादांनी पूजा घातली वाटतं. बघा, कोणाच्या हातात दिलं होतं मी."

सगळे हसले. पिन रॉकेलमध्ये धुतली, जागा कोरडी पुसली, जुनीच स्प्रिंग परत घातली. लागोपाठ काडतुसांच्या दोन पेट्या मारल्या. एकही टक् नाही. उस्ताद बोलले होते तेच आणि तेवढंच निघालं होतं. ते मला तरी म्हणता आलं असतं. कुंकू माझं, हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं. निदान एवढं म्हणायचं होतं, की उस्तादांनी पिनच सांगितली होती. मीही हसलो. जोरात नाही, पण हसलो.

त्यानंतर मी रेंजवर जाणं सोडलं. एनसीसीत अभ्यासाचं कारण सांगितलं. उस्तादांना पत्र लिहायचं ठरवलं, दोनदा लिहिलंही. पण गावाचं नाव मला नक्की माहीत नव्हतं, आणि नसलेलं मला सोयीचं होतं. मी मनाशी एक चित्र पक्कं केलं, की ते गावाला आहेत, जमीन बघतात, संध्याकाळी पारावर फौजेतल्या गोष्टी सांगतात. वडील विचारायचे, "तुजं उस्ताद काय म्हणत्यात?" मी सांगायचो, "गावाला गेले. मजेत आहेत." ते म्हणायचे, "बरं झालं. मानाचा माणूस." वर्षभर मी असं सांगत होतो, आणि सांगून सांगून मला ते खरं वाटायला लागलं होतं.

गेल्या महिन्यात वडील कामावरून आले, हातपाय धुतले आणि चहा न घेताच बसून राहिले. त्यांच्या कारखान्यात साताऱ्याकडचे बरेच जण आहेत, त्यातला एक उस्तादांच्या भावकीतला निघाला.

"तुजं उस्ताद गेलं," वडील म्हणाले. "झाला म्हैना. खुर्चीत बसल्या बसल्याच गेलं."

मी विचारलं, गावाला?

"गावाला कुटलं. ते गेलंच न्हाईत गावाला, लाज वाटायची म्हनं. काढून टाकल्यालं कसं सांगायचं भावकीत." वडिलांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "नेरूळला वाचमन व्हते. तुज्या कॉलेजच्या मागं ती पिवळी सोसायटी न्हाय का, तिच्या गेटवर. दिवसपाळीला, काठी घिऊन." मग माझ्याकडे बघून त्यांनी साधेपणाने विचारलं, "तू तर रोज तिथनंच जातोस. तुला कसं दिसलं न्हाईत?"