उसाखालची पाणंद आणि मनगटावरचं होकायंत्र

आमच्या वाळव्याच्या बाजूला रस्ता चोरायला अंधार लागत नाही. दिवसाढवळ्या चोरतात, फक्त दम धरावा लागतो. दरवर्षी नांगरट करताना इकडच्यानं एक सरी पुढं सरकायचं, तिकडच्यानं एक सरी. मधली पाणंद आधी बैलगाडीपुरती उरते, मग सायकलीपुरती, आणि एका साली दोन्हीकडचा ऊस एकमेकांच्या गळ्यात पडतो. मग सगळे म्हणायला मोकळे, हितं कवा वाट होती?

आमच्या मळ्याशेजारच्या वस्तीची वाट अशीच गेली. वस्तीवरच्या बायकांना गावातल्या डेअरीला दूध घालायचं तर ओढ्यातून वळसा. ओढ्याला पाणी आलं की डेअरी बंद व्हायच्या आत पोचणं होत नाही, आणि नासलेलं दूध कुणी घेत नाही. घरं तर त्या दुधावरच चालतात. यासाठी मी पत्रकं काढली. इस्लामपुरात छापून आणायची, आठवडी बाजारात वाटायची. लोक वाचायचे आणि त्यातच भजी बांधून न्यायचे. मला भज्यांचा राग नाही. "पोरगी बोलती चांगली" असं म्हणून घरी जाणाऱ्यांचा आहे.

शेवटी मंडळ अधिकारी पाहणीला यायचं ठरलं. पावसाळा सरत आला होता, ऊस डोक्याच्या वर गेला होता. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "गावनकाशावर पाणंद आहे, मान्य. पण जागेवर खूण दिसली नाही तर मी काही करू शकत नाही. प्रकरण बंद होईल."

खूण म्हणजे हद्दीचे दगड. ते आत असणार याबद्दल मला शंका नव्हती. हद्दीचा दगड उपटला तर घराला लागतो असं आमच्याकडं मानतात. वाट खाताना कुणाला देव आठवत नाही, दगडाला हात लावताना बरोबर आठवतो. नांगर दगडाला बगल देऊन जातो, वर वाळल्या पात्यांचं पाचट पडतं, झालं. पाप नाही आणि पुरावाही नाही.

पण एवढ्या उसात दगड शोधायचे कसे? आत शिरलं की चहूकडं नुसती पाती. त्यात सरी माणसाला आपल्या बाजूला ओढते. आपल्याला वाटतं सरळ चाललोय, पण आपण उसाच्या मर्जीनं चाललेलो असतो.

माझा भाऊ फौजेत आहे. मागच्या सुट्टीत त्यानं आपलं स्मार्टवॉच माझ्या मनगटावर बांधलं होतं. मी त्यात नुसती वेळ बघायची. आता त्यातलं होकायंत्र उघडलं. नकाशावर वस्तीच्या पिंपळापासून कालव्याच्या पुलापर्यंत पाणंद म्हणजे सरळ रेघ होती. पट्टी आणि कोनमापक लावून दिशा काढली. ईशान्येच्या जरा उत्तरेला. भावाला फोन केला तर म्हणाला, "घड्याळाकडं बघत चालू नको, पडशील. दिशा बघ, समोरचा एक बुंधा धर, तिथं जा, परत बघ. आणि आधी हात आठाच्या आकड्यागत फिरव. त्याबिगर सुई खरं बोलत न्हाई."

पाहणीच्या सकाळी सगळी वस्ती पिंपळाखाली गोळा झाली. साहेबांच्या शेजारी तात्या उभे होते. पाणंदीवर सगळ्यात जास्त ऊस त्यांचाच. मी हात हवेत फिरवायला लागले तसे ते गोड आवाजात म्हणाले, "आवं सायेब, पोरगी उसाला ओवाळाय लागली. ताट आणू का गं?"

सगळे हसले. साहेबसुद्धा.

"ताट ठेवा तात्या, नारळ आणा," मी म्हणाले. "दगड घावला की लागंल."

सकाळपासून घोषणा देऊन झाल्या होत्या. हातातला भोंगा तसाच खांद्याला अडकवला, आतून हाळी द्यायला उपयोगी म्हणून. मागं विळा घेऊन वस्तीवरची मावशी. तिचं दूध गेल्या पावसाळ्यात कितीदा ओढ्यात ओतावं लागलं होतं, ते साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. आम्ही शिरलो. पाती तोंडावर करवतीसारखी, मानेत उसाची टोचरी कूस. मी दिशा बघायची, बुंधा धरायची, तिथवर जायची, परत बघायची. एकही टप्पा चुकवला नाही. आणि बाहेर पडलो तर समोर कालवा नव्हताच. तात्यांच्या पाण्याच्या मोटारीचं खोपट होतं. त्यांचा गडी चूल पेटवून बसलेला.

"या की ताई, च्या घ्या. वाट चुकला व्हय?"

त्यानं लगेच तात्यांना फोन लावला. आम्ही बांधानं पिंपळाखाली परत येईतो हसू आमच्या आधी पोचलं होतं.

"सायेब," तात्या म्हणाले, "घड्याळात बघून येळ कळती. वाट न्हाई."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मावशी विळा टाकून खाली बसली. मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

पाणी प्यायला मी भोंगा उतरवून पारावर ठेवला. मनगटाकडं नजर गेली. मी जागची हलले नव्हते, पण सुई हलली होती. भोंगा परत जवळ घेतला, सुई त्याच्याकडं ओढली गेली. लांब ठेवला, सुई माघारी. भोंग्याच्या पोटात भलंमोठं लोहचुंबक असतं. वर्षानुवर्षं मोर्चे काढून तो खांदा सोडतच नव्हता, त्यामुळं चप्पल काढावी तसा तो काढून ठेवायचं सुचलंच नाही. अशी चूक गिर्यारोहक करणार नाही, शेतकरी करणार नाही. ती आमच्यासारख्या मोर्चेवाल्यांनीच करावी.

मी तिथंच मोठ्यानं सांगून टाकलं, "घड्याळ बरोबर हाय. भोंग्यातल्या चुंबकानं सुई ओढली. मी परत आत जाणार."

"एकदाच ठरलं हुतं," तात्या म्हणाले.

"दगड दाखवायचं ठरलं होतं. कितीदा जायचं हे कुणी ठरवलं न्हाई. तुमी वाट एका घासात खाल्ली का तात्या? मग आमाला दुसरा घास का न्हाई?"

साहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांचं साधं काट्यांचं होतं ते. "जा," म्हणाले. "मी पुलावर थांबतो. जेवणाच्या आत."

भोंगा पारावरच राहिला. या वेळी वस्तीवरच्या साऱ्या बायका आत आल्या, एकीमागं एक, न बोलावता. दिशा, बुंधा, दिशा. वळसा घ्यावासा वाटला की मी मुद्दाम सरी मोडून आडवी जायची. अंगाला घाम, घामाला कूस. मध्यावर मागून मावशी ओरडली, "आयो! पाय गेला माझा!" आणि मग ठेचकाळलेलं बोट विसरून, "आगं दगुड हाय की!"

विळ्यानं पाचट बाजूला केलं. घडीव, चौकोनी, वीतभर वर आलेला. समोर थोड्या अंतरावर त्याचा जोडीदार. मध्ये ट्रॅक्टर आरामात जाईल एवढी जागा, आणि त्या जागेत तात्यांचा ऊस.

त्याच रेघेनं बाहेर पडलो तर समोर पूल, पुलावर साहेब. ते स्वतः आत आले, दगडांचे फोटो काढले, पंचनामा लिहिला.

"जनावराचा खुंटा असंल तो," तात्या म्हणाले.

"दोन खुंटे? नकाशाच्या रेघेवर?" साहेबांनी पेन पुढं केलं. "सही करा."

जाता जाता मात्र साहेब म्हणाले, "आदेश रीतसर निघेल. तोवर कुणी उसातून जाऊ नका."

रीतसर! वाट खाताना रीत कुणी विचारली नाही. ती परत मागताना मात्र रीत लागते. आणि हे ऐकून गप्प बसायचं, याला आमच्याकडं समजूतदारपणा म्हणतात. मला तो समजूतदारपणा नको.

संध्याकाळी ओढा भरला. मावशी दुधाचं कॅन डोक्यावर घेऊन पिंपळाखाली आली, मागं बाकीच्या बायका. उसाच्या तोंडाशी तात्या आडवे उभे.

"आदेश कुठाय?"

"दूध आदेशाला थांबत न्हाई तात्या," मावशी म्हणाली. "नासतंय."

"उसाचं नुकसान झालं तर तक्रार करीन."

"करा की," मी म्हणाले. "हितं वाट हाय या कागदावर तुमचीच सही हाय."

मावशी थांबलीच नाही. तात्यांच्या अंगाला अंग घासून आत गेली आणि सकाळी तुडवलेल्या पाचटावरून चालत राहिली. आम्ही मागं. पुलावरून गावात पोचलो तेव्हा डेअरीवाला शटर ओढत होता. मावशीनं खाली पाय घातला.

"थांब रं! वस्तीचं दूध आलंय."