माणसांमागची गल्ली

"माणसं राहू दे गं, मागचं बघ."

कुणी जुना फोटो पुढे केला की काकू एवढंच म्हणत आणि तळहाताने त्यातली माणसं झाकून टाकत. लग्नाचं नवं जोडपं, वाढदिवसाची टोपी घातलेलं मूल, नव्या गाडीला टेकून उभे राहिलेले मामा, सगळे त्या हाताखाली गडप. बोटांच्या आजूबाजूला उरे ती एक भिंत, अर्धं शटर, किंचित वाकलेला विजेचा खांब. त्या खांबासाठी काकूंचा जीव व्याकूळ होई. अशा माणसाशी तुमची कधी गाठ पडली असेल, तर मी काय सोसलं ते वेगळं सांगायला नको.

मी कतारमध्ये, दोह्यातल्या एका ग्रंथालयात जुन्या छायाचित्रांच्या विभागात काम करते. तिथली हवा थंड आणि कोरडी राखलेली असते. कागदांना मानवणारी, माणसांना शाल पांघरायला लावणारी. त्या शांततेत काकूंच्या बांगड्या आधी येत, मग त्या स्वतः, मग पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा तुपकट, वेलदोड्याचा दरवळ.

"काकू, इथे खायचं नसतं."

"मी कुठे खातेय? तुला देतेय."

त्या आता नाशिकला असतात. पण तेव्हा त्यांना एकच ध्यास होता: दोह्याच्या अल मुंतझा भागातली एक गल्ली. लग्न होऊन त्या त्याच गल्लीत आल्या आणि अर्धं आयुष्य तिथेच गेलं. आता तिथे काचेची उंच इमारत आहे, स्वतःखेरीज कुणालाच न ओळखणारी. आमच्या संग्रहात मोती काढायला जाणाऱ्या होड्या होत्या, बंदर होतं, विमानातून टिपलेलं वाळूच्या रंगाचं शहर होतं. ती गल्ली मात्र नव्हती.

"म्हणजे आम्ही इथे राहिलोच नाही की काय?" काकू मला विचारत, जणू बुलडोझर मीच चालवला होता.

काका निवृत्त झाले होते. महिनाअखेरीस दोघांचा व्हिसा संपणार होता. नोकरी संपली की इथून निघायचं, हे इथला प्रत्येकजण पहिल्या दिवसापासून जाणून असतो, तरी निघताना प्रत्येकाला ते नवंच वाटतं. निघण्यापूर्वी आपली गल्ली आमच्या संग्रहात सुखरूप पोचावी, एवढंच काकूंना हवं होतं. त्यासाठी त्यांनी मराठी घरांतले अल्बम पालथे घातले आणि प्रत्येक फोटोखाली टिपणं लिहिली: बेकरी, शिंपी, मशिदीची भिंत, पाण्याचा नळ.

मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की ज्याचा चेहरा स्पष्ट दिसतो त्याचं नाव आणि लेखी संमती हवी.

"त्या भिंतीची घेऊ का सही?" काकू हसल्या होत्या.

संमती नाही म्हणून सगळे फोटो नियमाप्रमाणे मी त्यांना परत केले तेव्हा त्या हसल्या नाहीत. मग सुरू झाली फोनाफोनी. पुणे, खेड, थेट कॅनडा. "अहो, तुमचा फोटो नकोय मला, तुमच्या मागचं शटर हवंय," असं माझ्यासमोर सांगून त्यांनी दोन माणसं दुखावली. मी काकूंच्या हातातून फोन घेऊन त्या दोघांची समजूत काढली. हे माझ्या कामात बसत नव्हतं.

एक एक करून संमत्या आल्या. एकच फोटो राहिला, आणि तोच सगळ्यांत सुंदर. त्यात गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होती. बेकरीच्या दारातला पिवळसर उजेड पाहून पावाचा वास आल्यासारखं वाटे. मधोमध एक बाई, कडेवर मूल, मान मागे टाकून हसणारी.

"या कोण?"

"होती एक. वरच्या मजल्यावर."

"मग फोन करा ना."

"तिला नाही करणार." काकूंनी फोटो पालथा घातला. "गच्चीवर माझ्या कुरडयांशेजारी तिने बोंबील वाळत घातले. मी बोलले. जरा जास्तच बोलले."

"जरा म्हणजे?"

"ती घर सोडून पार शहराबाहेर, उम्म सलाल मोहम्मदला राहायला गेली."

मी कपाळाला हात लावला.

"तिच्यापुरता फोटो कापता येत नाही का गं?"

"काकू, ती बरोबर मधोमध उभी आहे. कापली तर गल्लीलाच भोक पडेल!"

शुक्रवारी संध्याकाळी मीच त्यांना गाडीत घालून तिच्याकडे नेलं. वाटभर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. दार उघडलं ते रुकय्याआपांनी. मूळच्या रत्नागिरीच्या, आता मुलाकडे राहणाऱ्या. चेहरा सुरकुतला होता, पण फोटोतली हसणारी मान तीच. या वेळी मात्र ती हसली नाही.

काकूंनी फोटो पुढे केला. आपांनी तो दिव्याखाली धरला, खालचं टिपण सावकाश वाचलं.

"बेकरी लिहिलीस. नळ लिहिलास. शिंपीदेखील लिहिलास," त्या म्हणाल्या. "मी कुठं गो? आणि माझ्या कडेवर तुझी मुलगी, ती पण नाही?"

मला हे माहीत नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी खाली मान घालून माझ्यापुढे हात पसरला. "पेन दे."

टिपणाच्या सुरुवातीला, बेकरीच्याही आधी, त्यांनी दोन नावं लिहिली.

"रुकय्या, मी तेव्हा जे बोलले ते..."

"खलास, संपलं ते. बस आधी. चहा ठेवते."

"चहा कसला, सही कर. व्हिसा संपतोय माझा!"

"मग तर बसच."

सही झाली. कागद जपून घेऊन मी उठले, कारण परतीच्या रस्त्यावर गर्दी वाढत चालली होती. काकू म्हणाल्या, "तू गाडी सुरू कर, मी आलेच." मी गाडी सुरू केली. थांबले. हॉर्न वाजवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा हात बाहेर आला, "आले गं!" म्हणून हलला आणि आत गेला. आत नळ मशिदीच्या अलीकडे होता की पलीकडे यावरून कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. दोघीही एकाच वेळी बोलत होत्या, आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

मी इंजिन बंद केलं आणि काच खाली घेतली.