गळलेली पिसं

डाउन म्हणजे बंद पडलेलं, एवढंच मला ठाऊक होतं. बंगळुरातल्या पीण्या भागातल्या आमच्या गिअरच्या कारखान्यात एखादं मशीन डाउन झालं की माझं डोकं फिरतं, कारण तपासणी खातं माझ्याकडे आहे आणि उशिराचं खापर शेवटी आमच्यावरच फुटतं. त्यामुळे ट्रेकिंगच्या सामानाच्या दुकानातली बाई "ही डाउनची घ्या" म्हणाली, तेव्हा मी जरा घुश्शातच सांगितलं की मला डाउनची नको, चांगली दाखवा.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिनं ती झोपायची पिशवी नुसती माझ्या हातावर ठेवली आणि मी दचकले. हातावर काही आल्यासारखं वाटलंच नाही. बेळगावकडच्या आमच्या घरात पांघरूण जितकं जड तितकं चांगलं. लग्नात मुलीला गादी दिली की त्यात कापूस किती किलो घातलाय ते आधी सांगायचे. इथं सातशे ग्रॅमची वस्तू शून्याखालच्या थंडीत टिकेल असं ही बाई शांतपणे सांगत होती. मला वाटलं, ही मला गंडवतेय.

तिनं पिशवी दोन्ही हातांनी दाबून नारळाएवढी केली आणि सोडली. ती हळूहळू फुगत रजईएवढी झाली. आत भरलंय काय, मी विचारलं.

"डाउन गोत्तिल्वा, अक्का? बातुकोळि पुक्का."

डाउन ठाऊक नाही का, ती कन्नडमध्ये म्हणत होती, बदकाची पिसं. माझा हात आपोआप मागे आला. मी जैनाघरची. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कांदा-बटाटा खाते, रात्री आठला जेवते, म्हणजे फार शहाणपणा सांगायला नको. पण आईनं जन्मात रेशीम अंगाला लावलेलं नाही, किडे उकळतात म्हणून. मी तिच्यासोबत राहते, आम्ही दोघीच. आणि मी बदकांच्या पोटाखालची पिसं घरात नेणार होते.

नको म्हणून मी तशीच बाहेर पडले. पण प्रश्न पिसांचा नव्हता, वजनाचा होता. सहा वर्षांपूर्वी माझा मणका सरकला. तेव्हापासून मी हेब्बाळच्या तळ्याभोवती चालते, आणि तिथंच चालणाऱ्या लोकांचा एक गट मला भेटला. ते दर वर्षी हिमालयात जातात. त्यांचा नियम एकच: खेचर नाही, हमाल नाही, आपलं ओझं आपल्या पाठीवर. सहा वर्षं मी त्यांचे फोटो बघत होते. यंदा डॉक्टर म्हणाले, जा, पण पाठीवर आठ किलोच्या वर काही नको, आणि पुढच्या वर्षाचं मी सांगत नाही. ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी सगळं सामान कारखान्यातल्या काट्यावर ठेवलं. गटातल्या एकीनं कृत्रिम धाग्यांची पिशवी उसनी दिली होती, तिच्यासकट नऊ किलो शंभर ग्रॅम. साबणाची वडी अर्धी कापली. टूथब्रशचा दांडा कापला. दुसरा स्वेटर काढला आणि घाबरून परत घातला. नवाच्या खाली काटा फारसा हलेना. एका रविवारी तेवढं ओझं घेऊन तळ्याला दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत कमरेतून अशी कळ गेली की मी बाकावर बसून रडले. आजूबाजूचे लोक बघत होते, तरी रडले.

सोमवारी जाऊन सातशे ग्रॅमवाली आणली. एकूण सात किलो नऊशे.

दुकानातल्या बाईनं घरी मोकळी ठेवायला बजावलं होतं. दाबून ठेवली तर पिसं मरगळतात आणि ऊब जाते. म्हणून मी ती कपाटाच्या वरच्या फळीवर पसरली आणि पुढे चादर ओढली. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर आई ती मांडीवर घेऊन बसलेली.

"हे काय आणलीस गं? कशानं भरलंय?"

मी खोटं बोलायचं ठरवलं होतं. कापूस म्हणणार होते. पण ती चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, कापूस हाताला कसा लागतो ते तिला मी काय सांगणार?

"पिसं आहेत," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. मग तिनं विचारलं, "पिंछीसारखी? आपोआप गळलेली असतील न्हवं?"

मुनिमहाराजांच्या हातात मोरपिसांची पिंछी असते. बसायच्या आधी जागा हळूच झाडायची, म्हणजे किडामुंगी मरत नाही. ती पिसं मोरानं स्वतः टाकलेली असतात, उपटलेली चालत नाहीत. आईच्या डोक्यात पिसांचा दुसरा वापरच नव्हता. तिनं मला पळवाट स्वतःच्या हातानं उघडून दिली आणि मी त्यातून निघाले.

"होय," मी म्हणाले. "गळलेलीच."

"मग सरी, ठीक हाय," ती म्हणाली आणि पिशवीवरून हात फिरवू लागली.

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला स्वतःचाच धक्का बसला होता. शेचाळीस वर्षांची मी, दिवसभर दुसऱ्यांच्या मापातली चूक पकडते, आणि आईशी इतकं सफाईनं खोटं बोलले की आवाजसुद्धा हलला नाही.

पुढच्या आठवड्यात आणखी एक कळलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून दुपारी घरी आले, तर आई त्या पिशवीत झोपलेली. गळ्यापर्यंत चेन ओढलेली, तोंड उघडं. यंदा बंगळुरात थंडी होती आणि तिचे पाय कायम गार असतात. मी दारातच खिळले. मला ओरडावंसं वाटलं, बाहेर ये आधी. ती जागी झाली, लाजल्यासारखी हसली आणि म्हणाली, "स्वल्प बघत होते."

त्याच सुमारास तिनं तूप बंद केलं. मला वाटलं, कोलेस्टेरॉलचं काहीतरी ऐकून आली असेल. जेवणात तुपावर जीव असलेली बाई, पण मी विचारलं नाही. मला तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचं होतं.

निघायला चार दिवस उरले तेव्हा ती सहज म्हणाली, "बस्तीत सांगितलं मी, माझी मुलगी हिमालयात जाणार, आपलं ओझं आपण घेऊन." बस्ती म्हणजे आमचं मंदिर. पिसांबद्दल तिथं सांगितलंस का, मी विचारलं. ती म्हणाली, नाही. त्या "नाही"नं माझा धीर सुटला. सकाळचे सात वाजले होते, ती फुलं निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. बदकं, उपटणं, सातशे ग्रॅम, माझं खोटं. नको असेल तर परत करते, जात नाही, असंही म्हणाले. ते म्हणताना मला ती हो म्हणेल याची भीती वाटत होती.

ती फुलं निवडत राहिली.

"मला माहीत होतं की."

कधीपासून, मी विचारलं.

"तू हो म्हणालीस तेव्हाच. लहानपणी आम्ही शेतात पिसं वेचायला जायचो, महाराजांच्या पिंछीसाठी. दिवसभर हिंडलं तर हातात मूठभर. ह्यात पोतंभर हाईत. एवढी गळायची वाट कोण बघत बसतंय?"

"मग गळलेली आहेत का, असं विचारलंस कशाला?"

"तुला जायचं होतं की."

मला राग आला, तिचा का माझा ते समजलं नाही. म्हणजे खोटं मी एकटीनं नाही बोललेलं. अर्धं तिनं उचललं होतं, मला न सांगता.

"आणि माहीत असून त्यात झोपलीस?"

यावेळी ती थांबली. देठ तोडलेलं फूल हातातच राहिलं.

"तू इतके दिवस त्यात झोपणार. म्हटलं, काय हाय ते बघावं. वाईट वाटेल असं वाटलं होतं." तिनं खाली बघितलं. "ऊब लागली गं. इतकी छान ऊब लागली की उठावंसं वाटेना. त्याचं प्रायश्चित्त म्हणून तूप सोडलं."

मी गेले. आठ दिवस सात किलो नऊशे ग्रॅम पाठीवर घेऊन चालले आणि पाठ दुखली नाही. वर बर्फ होतं, आणि त्या पिशवीत मलाही ऊब लागली. खूप लागली.

परत आले त्या दिवशी आईनं डोंगराचं काहीच विचारलं नाही. थंडी वाजली का, एवढंच विचारलं. नाही म्हणाले, आणि हे खरं होतं. आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवायला बसलो. तिनं माझ्या भातावर वाढायला तुपाचा चमचा उचलला. मी ताटावर हात आडवा धरला. तिनं माझ्याकडे बघितलं, चमचा डब्यात परत ठेवला आणि वरणाची वाटी पुढे सरकवली.