बंद पडेपर्यंत

भंडाऱ्यात कम्प्युटर दुरुस्त करणारे बरेच आहेत. मशीन चालू झालं की ते निघतात. हा माणूस मात्र ते आपल्या डोळ्यांदेखत बंद पडल्याशिवाय कामालाच लागत नाही. आल्याबरोबर मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "नवीन काय टाकलं?"

आईची रोवणीची, म्हणजे भातलावणीची गाणी मी घरीच रेकॉर्ड करत होतो आणि तिसऱ्या कडव्याला सॉफ्टवेअर बंद पडत होतं. "नवीन काहीच नाही," मी म्हणालो.

"मंग एकेक काढून पाहू. धानाच्या बांधीतलं पाणी कुठून जाऊन राहिलं, ते एकेक भोक बुजवूनच पाहा लागते."

तो एकेक गोष्ट काढत गेला आणि दर वेळी आईला तेच गाणं पहिल्यापासून म्हणायला लावत गेला. सहाव्यांदा आई वैतागली. "कायले छळून राहिला रे बापा?"

"आखीन एकदा, माय. सापडतेच आता."

सापडलंच. आवाज गोड करणारं एक फुकटचं प्लगइन मी गुपचूप टाकलं होतं. आईचा आवाज हल्ली मला चिरका वाटायचा. त्याने ते काढलं, माझ्याकडे पाहिलंही नाही. या वेळी गाणं शेवटपर्यंत गेलं. हेडफोन लावून त्याने ते पूर्ण ऐकलं.

"काय बिघडलं होतं रे?" आईने विचारलं.

घड्याळ मनगटावर चढवत तो म्हणाला, "काही नाही, माय. तुमचा आवाज कम्प्युटरले झेपत नव्हता."

आई खुश झाली. मला मात्र मान वर करवेना.